आठवीचा वर्ग आणि व्हर्जिनियाच्या १९ जागा

न्यू जर्सीच्या मिडल स्कूलमध्ये नागरिकशास्त्र २०२२-२३ या शालेय वर्षापासून कायद्याने सक्तीचं झालं. निदान दोन क्वार्टर, म्हणजे अर्धं वर्ष तरी ते शिकवायचंच. कायद्याला नाव दिलंय लॉरा वूटन यांचं. मर्सर काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) या बाईंनी ७९ वर्षं मतदान केंद्रावर काम केलं. पुढारी नव्हत्या, वकील नव्हत्या. निवडणूक आली की टेबलापाशी बसून मतदारांची नावं तपासायच्या. कायद्याला अशा बाईंचं नाव द्यावंसं वाटलं हे मला फार आवडलं. अंमलबजावणीचं म्हणाल, तर सगळीकडे होतं तेच झालं. आमच्या आठवीला अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास आधीपासून होताच, त्यात हे नागरिकशास्त्र मिसळलं गेलं आणि दोन्ही एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडलं. तो गळा माझा.

मी सांगली जिल्ह्यातली. इतिहासात एम. ए., मग बी. एड., मग तिकडच्याच एका हायस्कुलात काही वर्षं नोकरी. लग्नानंतर इकडे आले, ग्रीन कार्ड हातात पडल्यावर पदव्यांचं मूल्यमापन करून घेतलं, प्रॅक्सिस ही शिक्षकांची पात्रता परीक्षा दिली, बाहेरून येणाऱ्यांसाठीचे अल्टरनेट रूटचे वर्ग केले. त्यात फॉर्म, फी आणि वाट बघणं यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

सांगलीकडे शिकवताना नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं पातळ पुस्तक. जानेवारी-फेब्रुवारीत उरकायचं. ‘राष्ट्रपतिपदासाठीच्या पात्रता लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’. मुलं पाठ करायची, मार्क मिळायचे, कुणाचीच तक्रार नसायची. इथलं पेसिंग गाइड, म्हणजे कुठल्या आठवड्यात काय संपवायचं त्याचं वेळापत्रक, पहिल्यांदा हातात आलं तेव्हा हसूच आलं. शासनाच्या तीन शाखा, बिलाचा कायदा कसा होतो त्याचा बाणांचा तक्ता, हक्कांची यादी. देश बदलला, तक्ता तोच. फरक एवढाच की हे आता अर्धं वर्ष चालवायचं होतं, ४२ मिनिटांच्या तासांत, दिवसाला पाच तुकड्यांपुढे.

तेरा वर्षांच्या मुलांना दोनच गोष्टींत मनापासून रस असतो. कोण कुणाशी बोलत नाहीये, आणि ‘हे फेअर नाहीये’. पहिल्याचा मला उपयोग नव्हता. दुसऱ्यावर मी सगळं वर्ष काढायचं ठरवलं. कुठलाही नियम समोर आला की तो पाठ करण्याआधी विचारायचं, यात कुणाचा फायदा झाला आणि कुणाचं गेलं? हा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि सफाई कामगारांना तो पुसू नका म्हणून चिठ्ठी चिकटवली.

माझ्या वर्गांत निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप बाहेरच्या देशांत जन्मलेले. घरी तेलुगू, गुजराती, स्पॅनिश, अरबी, पोलिश. काहींचे आजी-आजोबा दक्षिणेतल्या राज्यांतून नेवार्कला आलेले. ‘आपले संस्थापक’ असं पुस्तकात येतं तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाला ते ‘आपले’ वाटतीलच असं धरून चालता येत नाही. तसं धरलं नाही की शिकवणं उलट सोपं होतं, असा माझा अनुभव आहे.

सप्टेंबर लेनापे लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा. आमची शाळा उभी आहे ती जमीन त्यांची. नव्या अमेरिकी सरकारने मूळ रहिवाशांशी लेखी करार केला तो पहिला करार त्यांच्याशीच, १७७८ साली फोर्ट पिटला. त्यात त्यांना पुढे स्वतःचं राज्य करून काँग्रेसमध्ये प्रतिनिधी पाठवता येईल, अशी शक्यताही लिहिलेली होती. ते कधीच झालं नाही. मुलं हे वाचून चिडतात आणि ते चिडणं मी ऑक्टोबरपर्यंत जपून ठेवते, कारण ऑक्टोबरात चहा येतो.

बॉस्टनच्या चहाचं सगळ्यांना पाचवीपासून माहीत असतं. राजाने कर वाढवला, लोक चिडले, चहा समुद्रात. म्हणून त्या दिवशी वर्गात शिरताशिरता सोडवायचा जो प्रश्न असतो, ज्याला इथे सगळे ‘डू नाऊ’ म्हणतात, तो मी असा ठेवते: ‘तुमच्या गावात चहा स्वस्त झाला. तुम्ही तो फेकून द्याल का?’ मुलं म्हणतात, प्रश्न चुकलाय मिस. चुकलेला नसतो. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा लंडनच्या गोदामांत पडून होता. १७७३ च्या कायद्याने कंपनीला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली, मधले व्यापारी गळले आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहापेक्षाही तो स्वस्त पडणार होता. पौंडामागे तीन पेन्सचा कर जुनाच, १७६७ पासूनचा. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

का? वर्गात पाच-दहा मिनिटं नुसता गलका. मग ज्याच्या वडिलांचं किराणा-सिगारेटचं छोटं दुकान आहे असा एक गुजराती मुलगा म्हणाला, ‘मोठं स्टोअर बाजूला उघडलं की आमचं गिऱ्हाईक जातं. त्यांचं स्वस्त असतं म्हणूनच तर जातं.’ तिथून गाडी रुळावर आली. व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता हे खरं. आणि स्वस्त चहा प्यायला तर न विचारता लावलेला कर आपण गपगुमान मान्य केला असं होणार होतं, हेही खरं. ‘मग ते हक्कासाठी भांडत होते की पैशासाठी?’ या प्रश्नावर मी उत्तर देत नाही. त्यांना दोन परिच्छेद लिहायला लावते.

कंपनी आलीच आहे तर मी जगाचा नकाशा लावते. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनला चहा बुडत होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झालेला होता. दीड वर्षात राघोबादादा सुरतेला याच कंपनीशी तह करून बसले आणि इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध सुरू झालं. अमेरिकेतली लढाई चालू असतानाच तिकडे वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले, जानेवारी १७७९. हे पेसिंग गाइडमध्ये नाही, दहा मिनिटांत उरकते. पण कॉर्नवॉलिसपाशी पोरं हमखास जागी होतात. १७८१ ला यॉर्कटाऊनला ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली, तो १७८६ मध्ये याच कंपनीचा बंगालचा गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. ‘हरल्यावर प्रमोशन?’ एकजण म्हणाला. पॅरेंट कॉन्फरन्सला एका मराठी मुलीची आई आली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, तिने घरी येऊन आम्हाला राघोबादादा कोण ते विचारलं. नवऱ्याला आठवेना, शेवटी तिच्या आजोबांना कराडला फोन लावला.’

बॉस्टनच्या गोळीबारावर आम्ही खटला चालवतो. ५ मार्च १७७०, ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांनी पाच माणसं मेली. पॉल रिव्हिअरने छापलेल्या चित्रात सैनिक रांगेत उभे राहून हुकमावर गोळ्या झाडताना दिसतात. साक्षीदारांच्या जबान्यांत अंधार आहे, बर्फाचे गोळे आहेत, दांडकी आहेत आणि कुणी ‘झाडा’ म्हणालं का याबद्दल एकमत नाही. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सने, जो स्वतः वसाहतींच्या बाजूचा. सहा सैनिक सुटले, दोघांवर मनुष्यवधाचा ठपका आला आणि त्यांच्या अंगठ्यांवर डाग दिला गेला. डागाचं मुलांना फार अप्रूप. आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही वकील का हवा, हे इथे फार बोलावं लागत नाही.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर बहुतेक शिक्षक एक उपक्रम करतात: मुलांनी मुख्याध्यापकांविरुद्ध असाच जाहीरनामा लिहायचा. मी तो बंद केला. कॅफेटेरियातला पिझ्झा आणि गृहपाठ यापलीकडे एकही तुकडी गेली नाही. त्यापेक्षा मूळ तक्रारींची यादीच वाचावी. राजाने न्यायाधीश आपल्या पगारावर ठेवले, घराघरांत सैन्य उतरवलं, दूरदूर विधिमंडळं भरवून लोकांना दमवलं. पुढे घटनेत काय काय येणार त्याची कारणं तिथेच सापडतात.

न्यू जर्सीत शिकवण्याचा एक फायदा आहे, जो बाहेरच्या लोकांना क्वचित माहीत असतो. १७७६ च्या इथल्या घटनेत मतदाराच्या अटी अशा होत्या: वयात आलेला रहिवासी, ५० पौंडांची मालमत्ता, काउंटीत वर्षभर वास्तव्य. पुरुष असावा असं कुठे नव्हतं, गोरा असावा असंही नव्हतं. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर मतदार ‘तो किंवा ती’ असा उल्लेख आहे. म्हणजे इथे बायका मत देत होत्या आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयही देत होते.

यासाठी मी कार्डं केली आहेत. प्रत्येकाला एक कार्ड: शेत असलेली विधवा, श्रीमंत व्यापाऱ्याची बायको, ५० पौंड साठवलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय लोहार, २० पौंडांचा गोरा सुतार, अविवाहित शिंपीण, गुलाम म्हणून राबणारा शेतमजूर. दाराशी चार मुलं टेबल टाकून निवडणूक अधिकारी होतात, हातात १७७६ चा नियम. एकेकाने यायचं, अधिकाऱ्यांनी आत घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. सुतार परत जातो, लोहार आत जातो, तिथे पहिली खळबळ. मग व्यापाऱ्याच्या बायकोचं कार्ड असलेली मुलगी रुबाबात पुढे येते. अधिकारी कागद चाळतात. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, तिच्या नावावर शून्य. परत जा. तिच्या मागची विधवा मात्र आत.

‘म्हणजे नवरा मेल्यावरच मत?’

हो, साधारण तसंच, म्हटलं.

मग १८०७ उघडायचं. एसेक्स काउंटीचं कोर्टहाऊस नेवार्कला बांधायचं की एलिझाबेथ भागात, यावर मतदान झालं आणि मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली. माणसांनी पुन्हापुन्हा मतं टाकली, बायकांचे कपडे घालून टाकली, असे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. त्या साली विधिमंडळाने गैरप्रकार थांबवायचे म्हणून नवा कायदा केला: मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुष नागरिकांना. मुलं पुन्हा दाराशी रांग लावतात. आता विधवा बाहेर, शिंपीण बाहेर, लोहार बाहेर. आणि २० पौंडांचा सुतार कर भरत असेल तर आत. ज्या कायद्याने बायकांचं मत घेतलं त्यानेच गरीब गोऱ्या पुरुषाला मत दिलं, हे पुस्तकातल्या वाक्यात वाचून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. सुताराचं कार्ड घेतलेला मुलगा उड्या मारत आत जातो तेव्हा शिरतं. ‘गडबड पुरुषांनी केली आणि शिक्षा बायकांना?’ हे दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. आजच्या बातम्यांशी मुलं स्वतःच सांगड घालतात. मी घालत नाही, पण कुणी घातलीच तर पुरावा मागते. इथल्या बायकांना पुन्हा मत मिळायला १९२० उजाडलं.

याच सुमारास निवडणुकीचा हंगाम होता आणि मुलांनी तो ठरलेला प्रश्न विचारला: ‘मिस, तुम्ही कुणाला मत देणार?’ शिक्षकांनी सांगायचं नसतं. पण माझं उत्तर त्याहून सोपं होतं: मला मत नाही, मी अजून नागरिक नाही. वर्गाला हे पटेना. सरकारी शाळेत शिकवता, घर आहे, गाडी आहे. ‘टॅक्स भरता?’ भरते, म्हटलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी डेस्कवर डोकं टेकून असतो, तो उठून उभा राहिला आणि हात वर करून वसाहतींचीच जुनी घोषणा ओरडला, ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही!’ पुढची वीस मिनिटं मी काय शिकवायचं ठरवलं होतं ते सोडून दिलं. निम्मा वर्ग म्हणाला माझ्यावर अन्याय आहे. निम्मा म्हणाला, तुम्ही स्वतः इथे आलात, नियम माहीत होते, थांबा. दोन्ही बाजूंनी मुद्दे चांगले होते. एका मुलीने हळूच सांगितलं की तिच्या आईवडिलांना तर ग्रीन कार्डही नाही, वडिलांचा नंबर यायला अजून बरीच वर्षं आहेत आणि तोवर ती स्वतः कॉलेजात असेल. भारतीय घरांतली मुलं हे सगळं घरी ऐकत असतात. वर्गात बोलायचं असतं हे त्यांना ठाऊक नसतं.

पुढे माझी नागरिकत्वाची मुलाखत ठरली तेव्हा मुलांनीच माझी तयारी घेतली. तेव्हाच्या पद्धतीत १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारत आणि ६ बरोबर आले की पास. मुलं गठ्ठा घेऊन यायची, पाठोपाठ विचारायची आणि मी एखादा चुकीन अशी आशा धरून असायची. एका ओळीचे प्रश्न, एका ओळीची उत्तरं. सांगलीची प्रश्नपत्रिका आठवली. प्रत्यक्षात अधिकाऱ्याने पहिली सहा उत्तरं बरोबर आल्यावर थांबवलं, तर वर्गाला ती फसवणूक वाटली. ‘एवढंच? आम्हाला तर डीबीक्यू लिहायला लावता!’ डीबीक्यू म्हणजे चार-पाच मूळ कागद वाचून त्यांच्या आधारे लिहायचा निबंध. आठवीला त्याची धास्ती असते.

हिवाळ्यात फिलाडेल्फिया. देशाची घटना लिहिणारं १७८७ चं अधिवेशन हा वर्षाचा गाभा, आणि याला मी गाइडमध्ये दिलेल्यापेक्षा दुप्पट वेळ देते. त्याआधी जुनी व्यवस्था का कोसळली ते थोडक्यात: काँग्रेसला कर लावायचा अधिकार नाही, दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागते आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेले शेतकरी बंदुका घेऊन कोर्टं बंद पाडतायत. मग वर्गाची १२ राज्यं करायची. ऱ्होड आयलंड आलंच नव्हतं, म्हणून त्याची खुर्ची रिकामी ठेवते. प्रत्येक राज्याला एकच मत. राज्यातल्या प्रतिनिधींचं जुळलं नाही तर ते मत वाया. बातमी बाहेर फोडायची नाही, ही अटही खरी होती. आमच्याकडे ती लंचपर्यंत टिकते.

मोठी राज्यं काँग्रेसमध्ये लोकसंख्येवर जागा मागतात, छोटी समान जागा मागतात. आमच्याच राज्याच्या विल्यम पॅटरसनने छोट्यांची योजना मांडली होती आणि त्याच्या नावाचं शहर इथून तासाच्या आत आहे, त्यामुळे न्यू जर्सी व्हायला भांडणं होतात. दोन-तीन दिवस कुणीच मागे हटत नाही. मुलं वैतागतात. तो वैताग मला हवा असतो. मग मी १६ जुलै १७८७ च्या मतदानाचा आकडा फळ्यावर लिहिते: ५ विरुद्ध ४, मॅसॅच्युसेट्स दुभंगलेलं. न्यू यॉर्कचे दोघे चिडून घरी निघून गेलेले, न्यू हॅम्पशायरचे अजून पोचायचे होते. सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारख्या जागा, हे ज्याच्यावर आजही देश चालतो, ते इतक्या निसटत्या फरकाने ठरलं. पुस्तकात याला ‘महान तडजोड’ म्हणतात. त्या नावामुळे सगळे हात मिळवून उठले असं चित्र उभं राहतं. तसं नव्हतं.

आणि मग तीन-पंचमांश. याआधी मी एक चिठ्ठी-मतदान घेते. दुसऱ्या सभागृहातल्या, म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या, जागा लोकसंख्येवर ठरवताना गुलामीत असलेल्या माणसांना पूर्ण मोजायचं, अजिबात मोजायचं नाही, की पाचातले तीन? जवळजवळ सगळी मुलं ‘पूर्ण’ लिहितात. माणूस आहे तर पूर्ण मोजा. अर्धवट मोजणं अपमान आहे. भावना उत्तम आहे. मग मी शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या शिक्षकाला बोलावते आणि आम्ही दोघं मिळून तास घेतो.

१७९० ची पहिली जनगणना. व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०. त्यांतले २,९२,६२७ गुलामीत. त्या जनगणनेनंतरचा हिशोब ३३,००० माणसांमागे एक प्रतिनिधी, अपूर्णांक सोडून द्यायचा. मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर, फळ्यावर तीन रकाने. पूर्ण मोजले तर २२ जागा. अजिबात नाही मोजले तर १३. तीन-पंचमांश धरले तर ६,३०,५५९, म्हणजे १९. प्रत्यक्षात व्हर्जिनियाला मिळाल्या त्या १९.

‘पण मत कोण देणार?’ हा प्रश्न मी विचारायचा असतो, पण बहुतेक वेळा वर्गच विचारतो. मत मालक देणार. ज्याला विकता येतं, त्याच्या डोक्याच्या हिशोबावर विकणाऱ्याला सहा जागा जास्त. मग दक्षिणेतले मालक कोणत्या बाजूने होते? पूर्ण मोजा, या बाजूने. म्हणजे वर्गाने ज्याला माणुसकीचं उत्तर म्हणून मत दिलं होतं ते मालकांना हवं असलेलं उत्तर होतं. इथे गोंधळ उडतो. काहीजण चिठ्ठी परत मागतात. एका वर्षी एक कृष्णवर्णीय मुलगी, जी या सगळ्या वेळात काहीच बोलली नव्हती, ती म्हणाली, ‘मत देणार असाल तर मोजा. नाहीतर मोजूच नका.’ पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नाही) ८ ऑगस्ट १७८७ ला भर अधिवेशनात साधारण हेच मांडलं होतं: ही माणसं आहेत का? मग त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहे का? मग दुसरी कुठली मालमत्ता मोजता? अधिवेशनात बसून मॅडिसनने टिपणं घेतली होती, त्यांतला तो उतारा मी तिला काढून दिला. तिने तो वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘हरला’. बरोबर आहे, तो मुद्दा हरला.

पुढचं गणित मुलं स्वतःच करतात, कारण आता त्यांना वास लागलेला असतो. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टरांची संख्या म्हणजे प्रतिनिधी अधिक सेनेटर. व्हर्जिनियाचे १९ अधिक २. पहिल्या ३६ वर्षांत राष्ट्राध्यक्षपदावर व्हर्जिनियाची माणसं किती वर्षं? ३२. मधली चार वर्षं जॉन ॲडम्स. ‘शासनाच्या शाखा’ हा धडा यानंतर मला वेगळा शिकवावा लागत नाही. व्हेटोसुद्धा इथेच येतो: वॉशिंग्टनने १७९२ मध्ये वापरलेला देशाच्या इतिहासातला पहिला व्हेटो नेमका जागावाटपाच्या विधेयकावरच होता.

या भागानंतर पालकांच्या ईमेल येतात. एकदा एकाच आठवड्यात दोन आल्या. एकाचं म्हणणं गुलामगिरीवर फार वेळ जातोय, दुसऱ्याचं म्हणणं फार थोडा जातोय. दोघांना मी तोच गणिताचा कागद पाठवला. दुसऱ्याचं उत्तर आलं, पहिल्याचं नाही.

हक्कांचा भाग वसंतात. या राज्यात त्यासाठीही घरचं उदाहरण आहे. १९८० साली पिस्कॅटवेच्या हायस्कूलमध्ये एक चौदा वर्षांची मुलगी बाथरूममध्ये सिगारेट ओढताना सापडली. तिची पर्स तपासली, गांजा निघाला, कुणाकडून पैसे येणं आहे त्याची यादी निघाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’, १९८५. निकाल ६ विरुद्ध ३: शाळेला वॉरंट लागत नाही, पण तपासायला वाजवी कारण हवं. माझ्या काही मुलांची भावंडं त्याच शाळेत आहेत, त्यामुळे हे ऐकून ती खुर्चीच्या कडेवर येतात. सिगारेटच्या जागी व्हेप आणि पर्सच्या जागी फोन ठेवला की वाद दोन दिवस चालतो. वाजवी म्हणजे किती वाजवी, हे मी सांगू शकत नाही असं म्हटल्यावर त्यांना आधी राग येतो. मग ती स्वतः उदाहरणं रचायला लागतात: मित्राने चुगली केली तर, बॅगेतून वास आला तर, नुसता चेहरा घाबरलेला असला तर. असिस्टंट प्रिन्सिपल एकदा तासाला येऊन बसले होते. जाताना म्हणाले, आता यांच्या बॅगा उघडताना मला विचार करावा लागेल.

शेवटचा महिना गावाचा. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत, शिवाय काउंट्या, शिवाय शाळांची मंडळं, आणि कोण काय करतं हे मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. मुलांनी शाळेजवळच्या चौकात पादचाऱ्यांसाठी सिग्नल हवा असा विषय घेतला. तिथून सकाळी दीडेकशे मुलं रस्ता ओलांडतात. मोजणी त्यांनीच केली, दोन गट, दोन कोपरे, हातात क्लिपबोर्ड. पत्र महापौरांना गेलं. उत्तर आलं, सभ्य होतं: तो रस्ता काउंटीचा आहे, आमच्या हातात नाही. काउंटीच्या कमिशनरांना पत्र गेलं. तिकडून कळलं की दहा पावलांवरून जाणारा आडवा रस्ता राज्याचा आहे आणि सिग्नलचा त्याच्यावर परिणाम होतो, तेव्हा राज्याच्या वाहतूक खात्याशीही बोलावं लागेल. संघराज्य म्हणजे काय ते मी सहा वर्षांपूर्वी पिरॅमिड काढून शिकवत होते.

नगरपरिषदेच्या बैठकीला पाचजण आले, सोबत आईबाप. बैठका लोकांसाठी उघड्या ठेवायचा इथला कायदा १९७५ चा. लोकांनी बोलायच्या वेळात प्रत्येकाला मोजून मिनिटं. दोन तास झाडं, पार्किंग आणि एका गोदामाचा परवाना ऐकल्यावर यांची पाळी आली. बोलणाऱ्या मुलीच्या हातातला कागद थरथरत होता, पण तिने आकडे नीट वाचले आणि वेळ संपायच्या आत बसली. परिषदेने काउंटीला पाठिंब्याचा ठराव पाठवायचं मान्य केलं. परतीच्या वाटेवर एका मुलाच्या वडिलांनी मला मराठीत विचारलं, ‘ताई, यात मार्क किती?’ शून्य, म्हटलं. ते हसले, पण त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

काउंटीचं शेवटचं पत्र जूनमध्ये आलं: वाहतुकीची पाहणी करू, अहवाल यथावकाश. मुलं हायस्कूलला गेली. जाताना त्यांनी मोजणीचे तक्ते, पत्रं आणि कुणाला फोन करायचा त्याची यादी एका जाड फोल्डरमध्ये घालून पुढच्या आठवीसाठी ठेवली. वर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय की राज्याच्या खात्याकडे ईमेल पाठवू नका, ते उत्तर देत नाहीत, फोन करा, मंगळवारी. अहवाल अजून आलेला नाही. नवीन तुकडीने काउंटीच्या बैठकांच्या तारखा काढल्या आहेत आणि पहिली तारीख नेमकी त्यांच्या बँड कॉन्सर्टच्या संध्याकाळी येतेय, त्यामुळे कोण जाणार यावर सध्या भांडण चालू आहे.